बाबांची मूठ

“तुमचे वडील अजिबात ऐकत नाहीत हो,” सिस्टर फोनवर म्हणाली, आणि आरशासमोर बसलेल्या तिला एकदम हसू फुटलं. हसायचं नव्हतं. मेकअप करणाऱ्या बाईने पावडरचा पफ हवेतच थांबवला आणि आरशातून तिच्याकडे पाहिलं. “ऐकत नाहीत म्हणजे?” तिने फोनवर विचारलं. “म्हणजे काय, नाकावरची नळी सारखी ओढतात. किती वेळा सांगितलं, काका, हात लावू नका, हात लावू नका. ढिम्म.” “सिस्टर, त्यांना ऐकू येत नाही. जन्मापासूनच. मी अॅडमिट करताना सांगितलं होतं.” “अगं बाई,” सिस्टर म्हणाली. “आम्हाला कोणी बोललंच नाही. इथे रोज माणसं बदलतात ना. पण आता काळजी करू नका, आता शांत आहेत. हात बांधलेत.”

हात बांधलेत. केस बांधलेत म्हणावं, पिशवीचं तोंड बांधलंय म्हणावं, तितक्या सहज सिस्टर म्हणाली, आणि त्यात तिचं काही चुकलं असंही नव्हतं. चार माणसांचं काम एकटी करणाऱ्या बाईने अजून कसं म्हणायचं? पण बाबांचे हात म्हणजे बाबांचं तोंड होतं. ते हातांनी बोलत, हातांनी चिडत, हातांनी जोक सांगत आणि सांगून झाला की स्वतःच आधी हसत. एखाद्या माणसाच्या तोंडात बोळा कोंबून ‘आता शांत आहे’ म्हणण्यासारखंच होतं हे. ते नळी ओढत नसतीलच कदाचित. बोलत असतील. बोलताना हात तोंडाजवळ येतो, नाकाजवळ येतो, छातीवर येतो. ‘पाणी’ म्हणायला येतो, ‘माझी मुलगी कुठंय’ म्हणायला येतो. हे सगळं तिला सिस्टरला सांगायचं होतं, पण दारात सेटवरचा माणूस येऊन उभा राहिला होता आणि मनगटावर बोट ठेवून वेळ झाल्याचं दाखवत होता. “सिस्टर, प्लीज हात सोडा त्यांचे. ते बोलतायत हो. हातांनी बोलतात ते.” “ताई, दोन्ही सोडले आणि नळी निघाली तर माझ्यावर येईल.” मग सिस्टरच म्हणाली, “मी ड्युटीवर आहे तोवर एक सोडते. कुठला सोडू?” “उजवा,” ती म्हणाली, आणि कोणी मोठा उपकार केल्यासारखे तिने सिस्टरचे पुन्हा पुन्हा आभार मानले.

रोज संध्याकाळी साहेब टीव्हीवर यायचे. साथ सुरू झाल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. मोठा हॉल, निळा पडदा, पडद्यावर आवळलेली मूठ आणि खाली ‘लढू, जिंकू’. तीच मूठ बसथांब्यांवर, दुधाच्या पिशव्यांवर, हॉस्पिटलच्या भिंतींवर. साहेब मध्यभागी आणि त्यांच्या डाव्या हाताला, दीड पावलावर, काळा शर्ट घालून ती. साहेब बोलायचे आणि ती ते हातांनी सांगायची. तिला माइक नव्हता, लागतच नव्हता. माहिती खात्याच्या अधिकाऱ्यांनी तिला बहिऱ्या मुलांच्या शाळेतून शोधून आणलं होतं. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, “ताई, आपण कुणालाही विसरलेलो नाही हे लोकांना दिसलं पाहिजे.” दिसलं पाहिजे, हे शब्द तेव्हा तिला खटकले नव्हते. उलट ते ऐकून तिने लगेच होकार दिला होता. लहानपणापासून तिने आईबाबांना टीव्हीसमोर बसून तोंडं हलवणाऱ्या माणसांकडे पाहताना पाहिलं होतं. बातम्या लागल्या की बाबा तिला हलवून विचारायचे, काय झालं, काय झालं? ती गृहपाठातून मान वर करून सांगायची, काही नाही, कुठेतरी पूल पडला. मग ते समाधानाने मान हलवायचे. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडे तिच्या कंटाळ्यातून गाळून यायची. आणि आता जगाने स्वतःहून त्यांच्यासाठी माणूस उभा केला होता आणि तो माणूस म्हणजे त्यांचीच मुलगी होती.

बाबा छापखान्यात बाइंडर होते. तिथे यंत्रांचा असा धडधडाट असायचा की बाकीचे संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसायचे. बाबा मात्र सकाळी गेले तसेच ताजे घरी यायचे, बोटांना चिकटवायच्या सरसाचा वास घेऊन. इतरांना यंत्रांवरून ओरडावं लागायचं. मग हळूहळू सगळा छापखानाच बाबांकडून चार-दोन खुणा शिकला: कागद संपला, चहा आला, मालक आला. मालक आल्याची खूण पोटावरून हात फिरवून करायची आणि ती मालकालाही ठाऊक होती. सुट्टीत ती तिथे जाऊन बसायची. दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे बाबा तिला बरोबर न्यायचे. काउंटरपर्यंत तिची हनुवटीही पोचत नसे. बाबा वर हात हलवायचे आणि ती खालून आवाज द्यायची. ‘बाबा म्हणतायत की’ असं म्हणायचं नाही, हे तिला आईने शिकवलं होतं. त्यांचं बोलणं आहे, त्यांचंच राहू दे. म्हणून ती फ्रॉक घातलेली मुलगी काउंटरमागच्या माणसाला पातळ आवाजात सांगायची, ‘माझी दाढ दुखतेय, काल रात्री मला झोप लागली नाही.’ नाहीतर, ‘मला बायकोच्या नावाने खातं उघडायचंय.’ लोक हसायचे. बाबाही हसायचे. एकटी ती हसायची नाही, कारण त्या क्षणी खरंच तिची दाढ दुखत असायची.

आई साथीच्या बऱ्याच आधी गेली होती; साथीच्या पहिल्या आठवड्यापासून बाबा एकटेच संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसू लागले. ती घरी पोचायच्या आत तिच्या मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा आणि चुका काढणं सुरू व्हायचं. फार घाई करतेस. साहेब कंटाळवाणे बोलले तरी तू कंटाळू नको. ‘अंतर ठेवा’ म्हणताना तोंड वाईट करतेस, लोकांना वाटेल शिक्षा झाली. मग एकदा, चुका काढून झाल्यावर, ते म्हणाले, आज दुकानं कधी बंद होणार ते शेजारणीला मी सांगितलं. तिला माहीत नव्हतं. मला आधी कळलं. हे सांगताना त्यांनी ‘आधी’ची खूण तीन वेळा केली. म्हणून पुढे जेव्हा शाळेतल्या एका बाईने तिला म्हटलं, अगं, तो सगळा देखावा आहे, तुला शोभेसाठी उभं केलंय, तेव्हा तिला ती शेजारीण आठवली. देखावा असेलही. पण त्याच देखाव्यातून एका म्हाताऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुठलीतरी गोष्ट शेजारणीच्या आधी कळली होती. हे तिला दोन्ही हातांत एकाच वेळी धरता येईना आणि एकही खाली ठेवता येईना.

मग बाबांना ताप आला. अॅम्ब्युलन्समधून उतरलेल्या माणसांच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरे सूट होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दारात थांबलेल्या तिच्याकडे, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की या सगळ्यांना ओठ नाहीत. बाबा निम्मं जग ओठांवरून वाचायचे. दुकानदाराचे ओठ, डॉक्टरचे ओठ, बसच्या कंडक्टरचे ओठ. आता साऱ्या शहराने आपले ओठ झाकून टाकले होते, आणि बाबांना नेत होते ते अशा जागी जिथे ते सर्वांत जास्त झाकलेले होते. घाईत त्यांचा चष्मा टेबलावरच राहिला. दुसऱ्या दिवशी तिने तो डबीत घालून हॉस्पिटलच्या गेटवर दिला. गेटवरच्या माणसाने आधीच भरलेल्या एका खोक्यात तो ठेवला. त्या खोक्यात चार्जर होते, कवळ्या होत्या, एक स्वेटर होता. चष्मा वर गेला की नाही ते कधीच कळलं नाही. म्हणजे कोणी चिठ्ठी लिहून दाखवली असती तरी बाबांना ती वाचता आली नसती. आत जायची परवानगी कुणालाच नव्हती.

त्या दिवशी, हात बांधल्याचं कळलं त्या दिवशी, साहेब म्हणाले, “आपल्या रुग्णालयांत एकही माणूस एकटा नाही. मी तुम्हाला शब्द देतो. प्रत्येक खाटेपाशी सरकार बसलेलं आहे.” तिने ते हातांनी सांगितलं. खाट, शेजारी, बसलेलं. ‘सरकार’ची खूण खांद्याजवळ करायची असते, मग ते शेजारी बसवायचं. तिच्या डोळ्यांपुढे बाबांच्या खाटेशेजारी खुर्चीत बसलेला एक खांदा आला. बाकी शरीर नसलेला. तिचे हात चालत राहिले. हे तिला नेहमीच भीतीदायक वाटायचं. मन कुठेही असो, हात चालतात, स्वयंपाक करताना बायकांचे चालतात तसे. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण एक शब्दही चुकलो नाही, आणि तिला त्याची शरम वाटली.

दिवा विझल्यावर ती अधिकाऱ्यांकडे गेली. ते भले गृहस्थ होते. गेले कित्येक दिवस ऑफिसातल्याच सोफ्यावर झोपत होते, घरी म्हातारी आई होती म्हणून. कोपऱ्यात त्यांचे कपडे वाळत घातलेले असायचे. तिने सांगितलं तसे ते उठून उभेच राहिले. “ताई, तुमचे वडील? आणि तुम्ही आज उभ्या राहिलात? आधी बोलायचं नाही का?” तिला आत सोडता येईल का, निदान रोज पाच मिनिटं फोन समोर धरता येईल का, कुणाला चार खुणा शिकवता येतील का, हे तिने विचारलं. त्यांनी तिच्यासमोरच फोन लावला. “हो, हो, आपल्या ताईंचे वडील. त्या टीव्हीवर असतात ना, हातवारे करतात, त्याच. नीट लक्ष द्या. मला स्वतःला कळवा.” फोन ठेवून ते म्हणाले, “झालं काम. आता तुम्ही निश्चिंत राहा.” आणि खरंच, घरी परतताना तिला हलकं वाटलं. ओळखीने काम झाल्याचं ते जुनं, थोडं ओशाळं समाधान. बाकीच्या खाटांवरच्या माणसांची मुलगी कुठे टीव्हीवर होती?

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. सिस्टरचा नव्हता, कुठल्यातरी उत्साही तरुण डॉक्टरचा होता. “मॅडम, तुमचे बाबा म्हणजे कमाल आहेत! काय स्पिरिट आहे!” “बरे आहेत का?” “ऑक्सिजन जरा वरखाली होतोय, पण सकाळपासून सगळ्यांना मूठ दाखवतायत. लढू, जिंकू! अख्खा वॉर्ड जागा केला त्यांनी. तुम्हाला दिसेलच.” दिसेलच म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही. बाबा आणि मूठ. तिला कल्पना करता येईना. बाबा आयुष्यात कुठल्या मोर्चात गेले नव्हते. छापखान्यात संप झाला तेव्हा सगळे फाटकाशी घोषणा देत होते आणि बाबा मागे बसून कुणाच्या तरी मुलाच्या वहीची शिवण घालत होते. पण आजारपणात माणूस बदलत असेल. भिंतीवरची मूठ दिवसभर समोर असेल, तीच त्यांनी उचलली असेल. तिने स्वतःला ते पटवून दिलं, आणि पटल्यावर जरा बरंही वाटलं.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये तिच्याकडे सगळे वेगळ्याच नजरेने पाहत होते, वाढदिवसाचा केक आत लपवून ठेवलेला असताना बघतात तसं. अधिकारी तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “आज तुमच्यासाठी एक छोटीशी भेट आहे.” साहेबांनी आकडे सांगितले, नियम सांगितले, मग कागद बाजूला ठेवला. “आज मी तुम्हाला एका आजोबांची गोष्ट सांगणार आहे,” ते म्हणाले. तिच्या हातांनी ‘आजोबा’ म्हटलं, ‘गोष्ट’ म्हटलं. “त्यांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही. पण आज ते आपल्या सर्वांशी बोलतायत.” आणि मागच्या मोठ्या पडद्यावर बाबा आले.

केवढे मोठे दिसत होते. खाटेला उशी लावून अर्धवट बसवलेले, दाढी वाढलेली, नळी, अंगावर पातळ हिरवी चादर कमरेपर्यंत. डावा हात चादरीखाली होता आणि चादर मनगटापाशी जशी ताणली गेली होती त्यावरून तिला कळलं की तो अजून बांधलेला आहे. डोक्यावर गार हवेची जाळी होती आणि जाळीला बांधलेली कागदाची पट्टी फडफडत होती. उजवी मूठ छातीजवळ होती. मूठ थरथरत होती. बाबा कॅमेऱ्याकडे बघत होते, त्यांच्या चष्मा नसलेल्या, किलकिल्या डोळ्यांनी, आणि खांदे आवळून मूठ हलवत होते, थांबत होते, पुन्हा हलवत होते. खाटेभोवती पांढऱ्या सूटमधली माणसं उभी होती. त्यांनीही मुठी उंचावल्या. बाबांनी एकेकाच्या मुठीकडे पाहिलं आणि आणखी जोरात आपली मूठ हलवली. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या.

थंडी वाजतेय. दोन मुठी छातीशी घेऊन थरथरवल्या की ‘थंडी’. कुणालाही कळलं असतं, शेंबड्या पोरालासुद्धा कळलं असतं, दोन हात असते तर. थंडी वाजतेय, बाबा म्हणत होते. खूप थंडी. थंडी, थंडी. आणि समोरचे लोक त्यांना तेच परत म्हणून दाखवत होते. “बघा,” साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच भरून आला होता, त्यात नाटक नव्हतं, “हे आजोबा म्हणतायत, आपण लढू.” तिचे हात वर आले. सवयीने वर आले, ‘आजोबा’ म्हणाले, ‘म्हणतायत’ म्हणाले, आणि मग पुढची खूण करायला हात एकमेकांसमोर आले आणि तिथेच राहिले. तिला कळलं की या घटकेला हजारो घरांत टीव्हीसमोर बसलेली बहिरी माणसं बाबांकडे बघतायत, आणि त्यांना तिची गरज नाही. त्यांना सगळं सरळ ऐकू येतंय. मग अडाणी राहिलं कोण? या हॉलमधले, आणि घराघरांतले, ज्यांना कान आहेत ते सगळे. तिने हात खाली सोडले. ती साहेबांकडे वळली, आणि कित्येक वर्षांपूर्वी काउंटरखालून निघायचा तसला पातळ आवाज तिच्या गळ्यातून निघाला. “मला थंडी वाजतेय,” ती म्हणाली. “मला खूप थंडी वाजतेय. कुणीतरी माझ्या अंगावर पांघरूण घाला.”

साहेबांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेतून अधिकाऱ्यांनी कुणाला तरी लगबगीने खूण केली, आणि एक माणूस वाकून, कॅमेऱ्याआड न येता, भिंतीपाशी गेला आणि हॉलमधला एसी बंद करून आला.

तिच्याजवळ माइक नव्हता. टीव्हीवर तिचा आवाज गेलाच नाही. घरोघरी लोकांना एवढंच दिसलं की त्या आजोबांना बघून हातवारे करणाऱ्या बाईला भरून आलं, ती साहेबांना काहीतरी म्हणाली, आणि साहेबांनी मान हलवली. नंतर मेकअपच्या खोलीत तिने अधिकाऱ्यांना सगळं उलगडून सांगितलं. ते ऐकता ऐकता खुर्चीवर बसले. पहिल्यांदा हॉस्पिटलला फोन त्यांनीच लावला, मग चेहरा दोन्ही हातांनी पुसून म्हणाले, “ताई, तुम्ही दमलायत. काही दिवस विश्रांती घ्या. उद्यापासून मी दुसरी व्यवस्था करतो.” हे शिक्षा म्हणून होतं की माया म्हणून, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. तिचा मोबाइल आरशापुढच्या फळीवर थरथरत होता. बहिऱ्या लोकांच्या ग्रुपांवरून अनोळखी माणसांचे व्हिडिओ एकामागून एक येत होते, कुणी स्वयंपाकघरातून, कुणी जिन्यातून, आवाज नसलेले. पांघरूण द्या त्यांना. थंडी वाजतेय त्यांना. कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहेत? कुणाला सांगू? एका लहान मुलीने तर आपली गोधडीच कॅमेऱ्यासमोर धरली होती.

सकाळी सिस्टरचा फोन आला. ती रडत होती आणि मास्कमधून रडणं विचित्र ऐकू येत होतं. “मी पण मूठ दाखवली हो त्यांना. चार वेळा दाखवली. मला वाटलं काका खूश आहेत.” “आता?” “दोन ब्लँकेट घातलीत. हवा पण त्यांच्यावरून वळवली. दोन्ही हात सोडलेत. मी बसले होते थोडा वेळ जवळ.” “काही बोलले?” “हात हलले. पण मला काय कळणार?” आणि मग सिस्टर म्हणाली, “सांगा ना मला, कसं विचारायचं. काका, बरं वाटतंय का, हे कसं विचारायचं?” तिने फोन व्हिडिओवर घ्यायला सांगून दाखवलं. सिस्टरने दोन थरांचे हातमोजे घातलेल्या हातांनी ते करून पाहिलं. चुकलं. पुन्हा केलं. जमलं. “आता जाऊन विचारते,” ती म्हणाली. पण तिला मध्येच दुसऱ्या खाटेपाशी जावं लागलं, आणि ती परत आली तेव्हा बाबा गेलेले होते.

दुसऱ्या दिवशी शेवटचं सगळं सरकारी माणसांनीच करायचं होतं. घरच्या एका माणसाला स्मशानाच्या कुंपणापर्यंत येता येत होतं. कुंपणाबाहेर, एका ठरावीक अंतरावर काढलेल्या पांढऱ्या गोलात, ती उभी होती. आणखीही कुटुंबं होती, प्रत्येकी एकेक माणूस, आपापल्या गोलात. त्यांना एकमेकांशी काही बोलायचं असावं, पण एवढ्या अंतरावरून ओरडून सांत्वन कसं करणार? तेव्हा रस्त्याच्या पलीकडच्या फूटपाथवर तिला बाबांची माणसं दिसली. बाबांच्या शाळेपासूनची, त्यांच्यासारखीच बहिरी. एकमेकांपासून चांगली लांब लांब, दिव्याच्या खांबागणिक एक, अशी उभी. टोपी होता, म्हणजे ज्याचं नावच डोक्यावर हात ठेवून घ्यायचं तो. केस पांढरे होऊन कापून टाकले तरी जिचं नाव अजून वेणीच होतं ती मावशी होती. मुलगी त्यांच्याकडे वळल्याबरोबर सगळे हात एकदम उठले. एवढा रस्ता मध्ये असून त्यांना काही फरक पडत नव्हता. त्यांचं बोलणं रस्त्यावरून सहज इकडे येत होतं.

टोपी म्हणाला, तुझा बाप शाळेत माझी टोपी पळवायचा. मावशी म्हणाली, माझ्या लग्नात त्याने एवढं खाल्लं की आचारी बघायला बाहेर आला. तिने विचारलं, कधी? हे मला कधी सांगितलं नाही. सांगेल कशाला, मावशी म्हणाली, तुझ्या आईसमोर? आणि तिला हसू आलं, मास्कच्या आत, आणि हसता हसता मास्क ओला झाला. पहारेकरी काठी घेऊन त्यांच्याकडे आला, “गर्दी करू नका, बोलत थांबू नका” म्हणत. पण गर्दी नव्हती, आणि कोणी बोलत नव्हतं. तो एकदा फूटपाथच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून परत आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

मग तिने त्यांना सांगितलं की सकाळी अधिकाऱ्यांचा फोन आला होता. हळहळले, फार हळहळले. मग अडखळत म्हणाले की, ती चित्रफीत बघून लोकांना फार धीर आलाय, शेकडो निरोप येतायत. ती चालू ठेवली तर चालेल का? चौकाचौकांतल्या पडद्यांवरसुद्धा लावायचं वरून चाललंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी काढायला लावेन, माझा शब्द. आणि तिला नाही म्हणता आलं नव्हतं. कारण शेजारच्या काकू, स्वतः तापाने फणफणलेल्या, काल दाराआडून म्हणाल्या होत्या, “तुझ्या बाबांची मूठ पाहिली आणि मी उठून बसले गं. चार घास खाल्ले.” ते घास खोटे नव्हते. बाबांनी बांधताना चुकलेलं पुस्तकसुद्धा कधी फाडलं नव्हतं. काय सांगू त्यांना? तिने विचारलं. तुम्हीच सांगा, ते तुमच्या भाषेत बोलतायत.

टोपी म्हणाला, राहू दे. त्याला टीव्हीवर यायची हौस होती. दुसरा कोणी म्हणाला, छे, काढ. दोघे खांबाखांबावरून भांडायला लागले, हात एकमेकांच्या बोलण्यात घुसायला लागले. तुला काय कळतं, तुला तरी काय कळतं. मावशी मात्र कुंपणापलीकडे बघत होती. मग तिने हात उचलले, सावकाश, सगळ्यांना दिसेल असे. तो टीव्हीवर दिसला की मी उठते, ती म्हणाली. कालपण उठले. कपाटापर्यंत जाते, पांघरूण काढते, आणि मग ते घेऊन तशीच खोलीत उभी राहते. रोज किती वेळा उठू? माझे गुडघे दुखतात.

आपल्या गोलात उभ्या उभ्या तिने पिशवीतून मोबाइल काढला आणि अधिकाऱ्यांचा नंबर लावला. पलीकडे फोन उचलल्याचं कळल्यावर तिने मास्क हनुवटीखाली ओढला, म्हणजे फूटपाथवरच्या सगळ्यांना तिचे ओठ दिसावेत. पहारेकरी खुर्चीतून उठला. “ओ बाई! मास्क! मास्क वर घ्या!”

“सर,” ती म्हणाली, एकेक शब्द सुटा करत, तोंड नीट उघडून. “ते बंद करा. माझ्या बाबांना थंडी वाजतेय.”

“ताई,” अधिकारी म्हणाले. पहारेकरी तिच्या गोलाच्या कडेपर्यंत येऊन पोचला होता. पलीकडे मावशी डोळे बारीक करून तिच्या ओठांकडे बघत होती.

“हो, ताई,” ते म्हणाले. “आत्ता करतो.”

तिने रस्त्यापलीकडे बघून मान हलवली आणि मग मास्क वर घेतला.